भागूबाईच्या शेतातल्या तात्पुरत्या बराकी

काम संपलं की नकाशे कपाटात जातात आणि किस्से आपल्याबरोबर घरी येतात. कपाट निदान दिवाळीला झाडलं जातं. किस्स्यांना कोण झाडणार? ते साठत राहतात आणि एखाद्या संध्याकाळी चार मित्र जमले की कुणीतरी म्हणतं, "अरे, तो तुझ्या ऑफिसातला भिंतीचा किस्सा सांग ना!" एक सांगायला जावं, तर त्याच्या शेपटाला धरून दुसरा बाहेर येतो.

लढाईच्या काळात मी लोणावळ्याला एका लष्करी बांधकामाच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. ऑफिस म्हणजे मुंबईच्या कुणा शेटजींचा, लढाईपुरता ताब्यात घेतलेला बंगला. दिवाणखान्यात आमची नकाशांची टेबलं, जेवणघरात कॅप्टनसाहेब आणि न्हाणीघरात स्टेशनरी. माणसं मोजकीच. कॅप्टन विलायतेचा. हेड ड्राफ्ट्समन दामले पुण्याचे, नुकतेच बदलून आलेले आणि स्वभावाने संशयी. हमीदभाई बांधकामाचे कंत्राटदार, खास लोणावळ्याचे. आणि एक बाई ऑफिसच्या नोकरीत नसूनही जवळजवळ रोज हजर. ती भागूबाई. तिच्याकडे येतोच.

हे किस्से मी तेव्हा घरी येऊन सुमतीला सांगायचो. एखादा दुसऱ्यांदा सांगितला तर ती हटकायची, "मागच्या वेळी साहेब खुर्चीवर होता. आज उभा कसा?" गेल्या वर्षापासून तपासणारं कुणी उरलेलं नाही. तेव्हा एखादा बसलेला साहेब उभा निघाला, तर सांभाळून घ्या.

*

आमच्या प्रत्येक नकाशावर 'गुप्त' असा लाल शिक्का असे. बराकींच्या नकाशावर, स्वयंपाकघराच्या नकाशावर, संडासांच्या नकाशावरही! इमारतींना नावं नाहीत, नुसती अक्षरं. नकाशात कशाचं काय आहे हे बाहेर कुणाला कळता कामा नये.

मला नवा म्हणून जे काम मिळालं, ते संडासांचं. शिपायांचे संडास, अधिकाऱ्यांचे संडास, इस्पितळाचे संडास. दिवसभर तेच काढायचं आणि घरी गेल्यावर तोंड बंद ठेवायचं.

सुमती विचारायची, "काय काढता हो दिवसभर?"

"सांगता येत नाही. लढाईचं काम आहे."

असे काही दिवस गेले. मग एकदा भाकरी थापता थापता ती म्हणाली, "संडास काढत असणार तुम्ही."

मी चाट! "तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला हवं? काही मोठं काढत असतात, तर तुम्ही मला सांगितल्याशिवाय राहिला असतात का?"

नकाशांच्या कपाटाला दोन कुलपं होती. एक किल्ली दामल्यांकडे, दुसरी बांधकामावर देखरेख करणाऱ्या ओव्हरसियरकडे. कारण दोघांचाही एकमेकांवर विश्वास नव्हता. ओव्हरसियर भाच्याच्या लग्नाला कोकणात गेले आणि किल्ली चुकून त्यांच्या कोटात गेली. साहेबाला नकाशा हवा. दामले कुलूप तोडू देईनात. शेवटी सुतार बोलावला. त्याने कपाट भिंतीपासून ओढलं, तर मागची फळी जागेवर नव्हतीच! वाळवीने ती कधीच खाल्ली होती, आणि फळीनंतर ती नकाशांकडे वळली होती.

सगळे हसले. दामले हसले नाहीत. ते त्या वाळवीकडे बराच वेळ बघत राहिले आणि हळूच मला म्हणाले, "पण नेमकी लष्करी कपाटातच कशी लागली?"

*

आता भागूबाई.

लोणावळ्याच्या खालच्या अंगाला, रुळांच्या पलीकडे, भाताची खाचरं होती. त्यातली काही भागूबाईची. तिच्या सासऱ्याने उतार फोडून, बांध घालून ती केलेली. नवरा लवकर गेला, मुलगी दिली सासरी. मग आपल्या खाचरातला भात आपल्या चुलीवर शिजवायचा, कुणाच्या दारात उभं राहायचं नाही, एवढंच तिने धरून ठेवलं होतं. ती सगळी जमीन लष्कराने छावणीसाठी घेतली.

मामलेदार कचेरीतला माणूस गावात येऊन हुकूम वाचून दाखवत होता. मी साहेबाबरोबर जागा बघायला गेलो होतो, म्हणून हे माझ्या समोरचं. लढाई चालू आहे तोवर जमीन सरकारकडे राहील. बांधकाम तात्पुरतं असेल. लढाई संपली की बराकी काढून जमीन ज्याची त्याला परत.

पुरुषमंडळी खाली माना घालून ऐकत होती. मागून भागूबाईने विचारलं, "लढाई कुटं हाय म्हनायची?"

"लांब आहे बाई. ब्रह्मदेशात."

"मग तितली जिमीन घ्या की!"

कचेरीतल्या माणसाने हुकूम पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.

जमीन गेली. भागूबाई दिराच्या पडवीत राहायला गेली. जाऊ भाकरी द्यायची, पण कुत्र्यापुढे टाकावी तशी टाकायची. दुसऱ्या दिवसापासून भागूबाई बांधावर येऊन बसू लागली. हे लोक शेत परत करणार की नाही, याचा तिला आत्ताच छडा लावायचा होता. तोंडाच्या शब्दावर तिचा भरवसा नव्हता. ती फक्त बांधकाम बघायची.

*

पाया खणायला लागले तशी ती आत डोकावून म्हणाली, "तात्पुरत्याला येवढा खोल?"

हमीदभाई कंत्राटदार असले तरी गावचेच. त्यांना तिची दया आली. म्हणाले, "मावशी, खुदाकसम सांगतो, ह्यात काही दम नाही. मातीत लावलेली एका विटेची भिंत. वर पत्रा. लढाई संपली की दोन माणसं लावून ढकलली, की झाला माळ मोकळा!"

"ढकलली की पडंल?"

"धाडकन पडेल!"

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅप्टनसाहेब कामावर पाहणीला आले. बरोबर दामले, मी, हमीदभाई. पहिल्या बराकीची भिंत छातीपर्यंत आली होती. तिथे भागूबाई उभी. आम्हांला बघून तिने पदर कमरेला खोचला, दोन्ही हात भिंतीला लावले आणि ढकललं.

धाडकन पडली!

धूळ खाली बसली. साहेबाची टोपी विटकरी झाली होती. दामले माझ्या कानाशी आले. "घातपात!"

पण साहेबाचा संशय बाईवर गेलाच नाही. तो गेला हमीदभाईंवर. साहेबाने पुढच्या भिंतीला बूट लावला. तीही पडली. तिसरीला बूट लावायच्या आत हमीदभाई आडवे आले.

त्याच संध्याकाळी हुकूम निघाला. झालेलं काम सगळं पाडायचं. जोतं दगडाचं. भिंत दीडपट जाड, चुन्यात. प्रत्येक भिंत साहेब स्वतः तपासणार!

हमीदभाई भागूबाईपुढे हात जोडून उभे. "मावशी, हे काय केलंत तुम्ही?"

"तुमीच म्हनला व्हता न्हवं, ढकलली की पडंल म्हनून? खरं बोलता का त्ये बगत व्हते."

मग नव्या भिंती उभ्या राहिल्या. दगडी जोत्यावर, चुन्यातल्या. भागूबाईने पुन्हा पदर खोचला आणि जोर लावला. भिंत हलली नाही. ती आमच्याकडे वळून म्हणाली, "बगा! म्हनलं न्हवतं? हे लोक जायाचं न्हाईत!"

ही भिंत अशी का झाली, हे तिला सांगायची हिंमत आमच्यातल्या कुणाला झाली नाही.

घरी सांगितलं, तेव्हा भिंत पडली तिथे सुमती खळखळून हसली. मग थांबली. म्हणाली, "पण आता तिला शेत परत कसं मिळणार?"

*

छावणीच्या टोकाला जमिनीखाली एक भलीमोठी टाकी खणायला घेतली. टाकी कशाची, ते अर्थातच गुप्त. झालं! गावात कुजबुज सुरू. तिथे दारूगोळा पुरणार. तिथे कैदी कोंडणार. मग सगळ्यांत भारी बातमी आली: टाकी टिकावी म्हणून साहेब तिच्या पायात माणूस गाडणार, आणि त्यासाठी परगावचा एकटादुकटा मजूर हेरून ठेवला आहे.

दुसऱ्या दिवशी एकही मजूर आला नाही. परगावचे तर रातोरात आपापल्या गावी निघून गेले.

साहेब संतापला. दामले म्हणाले, "खरं सांगून टाकू या का?" साहेब म्हणाला, गुप्त ते गुप्त. शेवटी हमीदभाईंनी तोड काढली. गावातलं एक विश्वासाचं माणूस टाकीत उतरवायचं. त्याने बघावं आणि गावाला सांगावं.

गावाने भागूबाईला पाठवलं. ती कुणाचंच खरं मानत नाही, म्हणून तिचं सगळे मानत होते!

ती शिडीने खाली उतरली. चारी भिंती चाचपल्या. तळाला पाय आपटून बघितला. वर येऊन म्हणाली, "मानूसबिनूस काय न्हाई. पन येवढं खनलंय कशापायी, त्ये सांगितल्याबिगर मी गावात जायाची न्हाई."

हमीदभाईंनी इकडेतिकडे बघितलं आणि तिच्या कानात सांगितलं की, शिपायांच्या संडासांचं सगळं इथे येणार.

भागूबाई पुन्हा टाकीच्या काठाशी गेली. आत वाकून बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली.

"येवढं?" ती म्हणाली. "खात्यात तरी काय म्हनायचं ह्ये!"

*

तुम्ही विचाराल, साहेबाने छावणीला नेमकी भाताची खाचरंच का निवडली? कारण जमीन आयती सपाट! जागा ठरली दूरच्या कुठल्याशा मोठ्या ऑफिसात, नकाशावर, उन्हाळ्यात. तो नकाशा गुप्त. ज्यांना लोणावळ्याचा पाऊस ठाऊक होता, त्यांना नकाशा दिसला नाही. आणि ज्यांना नकाशा दिसला, त्यांनी लोणावळ्याचा पाऊस बघितलेला नव्हता.

आषाढात खाचरांनी आपलं काम केलं. बांधांनी पाणी धरलं. बराकींत गुडघाभर पाणी, खाटांखालून बूट तरंगतायत, शिपाई खाटांवर उभे राहून भात शिजवतायत! आणि बांधावर, इरल्याखाली, भागूबाई.

साहेब चिखल तुडवत तिच्यासमोर आला. दामल्यांनी दुभाष्याचं काम केलं.

"इथे पाणी साठतं, हे तुला माहीत होतं?"

"व्हय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"गुप्त व्हतं न्हवं!"

दामल्यांनी हे इंग्रजीत कसं सांगितलं, कोण जाणे. पण साहेब पहिल्यांदाच हसला. मग त्याने हमीदभाईंना विचारलं, "तुम्ही तर इथलेच. तुम्ही का नाही बोललात?"

हमीदभाई म्हणाले, "साहेब, एवढा मोठा शिक्का होता. मला वाटलं, तुम्ही पावसाचाही काही बंदोबस्त केला असेल!"

मग बंदोबस्त झाला. जोती आणखी उचलली. दगडी गटारं बांधली. आणि रस्ते? पावसात कोरडी राहणारी जागा एकच होती, ती म्हणजे बांध. तेव्हा बांध रुंद करून, त्यांवर खडी घालून त्यांचेच रस्ते केले. मी ते नकाशावर जसेच्या तसे उतरवले.

आजही तिकडच्या बाजारातला मोठा रस्ता मध्येच विनाकारण डावीकडे वळतो. नवे लोक म्हणतात, आखणाऱ्याचा हात थरथरला असेल. माझा हात चांगला होता. ते वळण भागूबाईच्या सासऱ्याचं. तिथे एक खडक होता, म्हणून त्याने बांध वळवून घेतला होता.

*

मग वरून हुकूम आला की विमानातून छावणी दिसता कामा नये. छपरं रंगवा. आजूबाजूला शेतं आहेत, तेव्हा छपरंही शेतांसारखी दिसली पाहिजेत. नकाशा माझ्याकडे आला. मी संडासांतून वर चढून थेट छपरावर गेलो!

हिरवे, पिवळे, मातकट पट्टे. मधूनमधून गडद रेघा, म्हणजे बांध. रंगाऱ्यांनी काम झकास केलं. साहेबाने घाटाच्या वरच्या कड्यावर आम्हांला नेलं आणि तिथून बघितलं तर खरंच शेतंच वाटावीत.

उतरताना वाटेत भागूबाई भेटली. लाकडांचा भारा घेऊन कड्यावरूनच येत होती. तिने भारा खाली ठेवला. खालच्या छपरांकडे बघत राहिली.

"शेतं खनून घरं बांधली, आन घरांच्या डोक्यावर शेतं काढली?"

दामले म्हणाले, "मावशी, ते शत्रूला फसवायला आहे."

"आसंल." मग ती माझ्याकडे वळली. नकाशा काढणारा मी, हे तिला माहीत होतं. "भाऊ, ह्यातलं माजं कंचं?"

मला सांगता येईना. शेवटी मी एक छप्पर दाखवलं. तिने ते नीट निरखून घेतलं.

"भात बरा धरलाय," ती म्हणाली आणि भारा उचलून निघून गेली.

*

लढाई संपली. बातमी आली त्या दिवशी साहेबाने सगळ्यांना चहा आणि केक दिला. दामल्यांनी केक आधी हुंगला, मग मी खाईपर्यंत थांबले आणि मग खाल्ला.

चहा चालू असतानाच फाटकावर आरडाओरडा झाला. जाऊन बघतो तर भागूबाई, मागे तिचा दीर, त्याच्या मागे बैलजोडी आणि नांगर! पहारेकरी बंदूक आडवी धरून उभा, बैल बंदुकीला हुंगतायत.

"लढाई सपली न्हवं?" भागूबाई म्हणाली. "औत आनलंय."

साहेब बाहेर आला. बराच वेळ दामल्यांशी इंग्रजीत बोलला. दामल्यांनी घसा साफ केला. "मावशी, त्याचं असं आहे... लढाई संपली. पण लढाईचा काळ अजून संपलेला नाही. तो संपल्याचा हुकूम यायचाय."

भागूबाईने हे दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "म्हंजी लगीन लागलं, वऱ्हाड घरला गेलं, तरी मांडव न्हाई सोडायचा व्हय?"

दीर चिडला. "चल वैनी, हसं झालं सगळ्या गावात." त्याने बैल वळवले. ती मात्र फाटकाशी थांबली. मला म्हणाली, "भाऊ, जावंनं चुलीला हात लावू द्यायचं बंद केलंय. हुकूम कधी यायाचा, तेवढं तरी ठावं हाय का तुमास्नी?"



*

हुकूम यायच्या आत स्वातंत्र्यच आलं!

ऑफिसच्या पाटीची मागची बाजू रंगवून नवं नाव लिहिलं. पाटी तीच, खिळे तेच. दामले त्याच टेबलाशी, मी त्याच खिडकीत.

कॅप्टनसाहेब निघाला, तेव्हा त्याने प्रत्येकाशी हात मिळवला. दामल्यांना त्याने आपला टेबलावरचा पितळी दिवा भेट म्हणून दिला. इतक्या वर्षांच्या कामाची आठवण.

गाडी घाटाच्या वळणाआड गेली न गेली, तोच दामल्यांनी दिवा टेबलावर ठेवून खोलायला घेतला. तळ काढला. नळी काढली. वात ओढून काढली. पुन्हा पुन्हा आत बघितलं.

"काय मिळालं?" मी विचारलं.

"काही नाही," दामले म्हणाले. "हेच तर संशयास्पद आहे!"

*

बराकी फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर पलीकडून आलेली कुटुंबं गाड्यांतून उतरली आणि त्यांना तिथे ठेवलं. तात्पुरतं. नाही कोण म्हणणार? अंगावरच्या कपड्यांनिशी आलेली माणसं. एकेका खोलीत दोन दोन घरं, मध्ये चादरीचा पडदा.

भागूबाई तिसऱ्या दिवशी आली. चेहरा भांडायला आल्यासारखा. बराकीच्या पायरीवर एक म्हातारी बसली होती. तिला मराठी येत नव्हतं, हिला मराठीशिवाय काही येत नव्हतं. म्हातारी हात लांब करून काहीतरी सांगत होती. मग तिने मूठभर माती उचलली, बोटांत चुरली आणि मान हलवली. तिच्याकडची माती वेगळी होती, असं काहीतरी असावं.

भागूबाईही तिच्या शेजारी पायरीवर टेकली. 

उठून आली, तेव्हा हमीदभाईंनी विचारलं, "काय म्हणते मावशी?"

"काय म्हननार? हिचं बी कुनीतरी तात्पुरतंच घेतलं आसंल."

 बराकींत शाळा सुरू झाली. इस्पितळाच्या बराकीत दवाखाना झाला. कवायतीच्या मैदानात शनिवारी बाजार भरू लागला. कुणी ठरवून काही केलं नाही. दगडी जोती होती, जाड भिंती होत्या, गटारं होती, पावसात न बुडणारे रस्ते होते. गाव वाढायला आणखी काय लागतं?

*

मग ऑफिसात नवे इंजिनियर आले. आपलेच. खादीचा कोट, गोल चष्मा, वागायला अतिशय सज्जन. लबाड माणूस नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. दामल्यांनी महिनाभर त्यांच्यावर नजर ठेवली आणि नाइलाजाने कबूल केलं की माणूस चांगला आहे.

छावणीचं गाव करायचं, हे काम त्यांच्याकडे आलं. त्यांनी माझे जुने नकाशे मागवले, त्यांवरचे 'गुप्त' शिक्के बघून हसले आणि त्यांवरूनच नवा नकाशा काढायला सांगितलं. शाळा इथे, बाजार इथे, इथे चौक, या बराकींची सरकारी क्वार्टरं. मी काढला. तो भिंतीवर लावला.

भागूबाईची गोष्ट त्यांच्या कानावर आली, तेव्हा त्यांनी तिला बोलावून घेतलं. आजवर ती इतक्या वेळा ऑफिसात आली, पण तिला खुर्ची पहिल्यांदा त्यांनी दिली. ती खुर्चीच्या कडेला बसली. चहा मागवला. तिच्यासाठी बशी स्वतः पुसून दिली.

"मावशी, तुमच्यावर अन्याय झालाय," इंजिनियर म्हणाले. "इंग्रजांनी शब्द दिला आणि पाळला नाही. पण आता काळजी करू नका. आता आपलं सरकार आहे. तुमची जमीन तुम्हांला मिळणार."

मी टेबलावरून मान वर केली. दामल्यांनीही केली. हमीदभाई दारात उभे होते, ते आत आले.

भागूबाईने बशीतला चहा फुंकला. "कधी?"

"एवढी निर्वासितांची सोय लागू दे. शाळेला दुसरी इमारत होऊ दे. बाजाराला जागा बघतोच आहोत. हे सगळं तात्पुरतंच आहे, मावशी."

भागूबाईने मान डोलावली. भिंतीवरच्या नकाशाकडे बघितलं. "ह्यात माजं शेत कुटं आलं?"

इंजिनियर उठले. मला विचारून त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. बोट चौकावर होतं. ते थोडं बाजूला सरकवलं, तर सरकारी क्वार्टरांवर आलं. ते तिथेच ठेवून ते म्हणाले, "या इथे."

"आन ह्या घरांत कोन ऱ्हानार?"

"आम्हीच. स्टाफ. पहिलं क्वार्टर माझंच आहे."

"तुमचं गाव कंचं, भाऊ?"

"पुणं. जवळच आहे."

"घरची मंडळी?"

"पुढच्या महिन्यात आणतोय." इंजिनियर खुलून बोलायला लागले. "आई-वडीलही येतायत. वडिलांना दम्याचा त्रास आहे, त्यांना इथली हवा मानवेल. पुण्याची जागा सोडूनच दिली."

"ऱ्हातं घर सोडलं?"

"भाड्याचं होतं हो. आता इथेच."

भागूबाईने बशी रिकामी केली, कपावर उपडी घातली आणि उठली. इंजिनियर तिला दारापर्यंत सोडायला गेले. म्हणाले, "मावशी, तुमचा अजून विश्वास बसत नाही का? अहो, साहेब गेला! आता कसली भीती?"

भागूबाई उंबऱ्यात थांबली. त्यांच्या कोटाकडे, चष्म्याकडे, चेहऱ्याकडे नीट बघून घेतलं. तिच्या आवाजात राग नव्हता.

"त्या सायबाला बी मी एकदा गाव इचारलं व्हतं," ती म्हणाली. "त्यो म्हनला, लय लांब हाय, समिंदरापल्याड. तवा वाटलं, म्हंजी ह्यो जाईल. आज ना उद्या जाईल. त्याच्या जिवावर येवढी वर्सं काढली मी."

तिने पदर डोक्यावरून घेतला.

"तुमी कुटं जानार, भाऊ?"